पालकाची सही

माझी आत्या ७८ वर्षांची असताना मी तिची पालक झाले.

फॉर्मच तसा होता. वर 'प्रवेश अर्ज', मधे नाव, वय, आजार, जात (हो, जात), आणि तळाशी उजवीकडे एक रेघ : 'पालकाची सही'. जिने मिरजेच्या शाळेत ३४ वर्षं गणित शिकवलं, बाबा गावाला गेले असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर जिने स्वतः सही केली होती, तिच्या वतीने मी 'पालक' म्हणून सही ठोकली. ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिला ऐकू येत होतं, वाचता येत होतं, सही करता येत होती. पेन्शनसाठीच्या हयातीच्या दाखल्यावर दर नोव्हेंबरात तीच सही करायची. पण ऑफिसातल्या बाईंनी पेन माझ्याकडे सरकवलं. मीही ते घेतलं.

त्या वृद्धाश्रमाचे पैसे कोण भरत होतं? आत्या. तिच्याच पेन्शनमधून. डिपॉझिटसुद्धा तिनेच मोडलेल्या एफडीचं. म्हणजे ग्राहक ती, पैसे तिचे, राहणार ती, आणि करार झाला माझ्याशी. मोबाईलचं सिमकार्ड घेतानाही असं चालत नाही.

हे सगळं मला चार वर्षांनी सुचलं. तेव्हा सुचलं नाही, म्हणून हा लेख.

तिथे कुणी तिला मारलं नाही

हे आधीच सांगते, कारण वृद्धाश्रमावरचा लेख म्हटला की वाचणारा थेट छळाच्या बातमीची वाट बघतो. तसं काही नव्हतं. पुण्याबाहेर, हायवेपासून थोडी आत, बैठी इमारत. समोर तुळस, बाकडी, सायंकाळी आरती. जेवण बरं होतं. दर महिन्याला डॉक्टर यायचे. आत्या तिथे स्वतःच्या मर्जीने गेली होती. खुब्याचं हाड मोडल्यानंतर तिला एकटीला मिरजेत राहणं जमेना, आणि माझ्या वन बीएचकेमध्ये दिवसभर कुलूप लावून घेतलेल्या दाराआड बसण्यापेक्षा 'माणसांत राहीन' असं तीच म्हणाली.

अर्जाच्या मागे नियम छापलेले होते. एकोणीस. सगळ्यांची सुरुवात एकच : 'रहिवाशांनी'. रहिवाशांनी मोबाईल कार्यालयात जमा करावा. रहिवाशांनी एकट्याने आवाराबाहेर जाऊ नये. रहिवाशांनी खोलीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. नातेवाइकांसाठी रविवारी चार ते सहा. आणि शेवटी, संस्थेचा निर्णय अंतिम राहील. संस्थेने काय करावं, याबद्दल एकही ओळ नव्हती.

मोबाईल संध्याकाळी पाच ते सहा मिळायचा. अठरा माणसं, एक ड्रॉवर, एक चार्जर. कुणाचा फोन बंद पडलेला, कुणाचा रिचार्ज संपलेला. 'दिवसभर फोन असला की घरी कटकटी सांगत बसतात' असं मला हसत सांगितलं गेलं आणि मीही हसले. एका पावसाळ्यात आत्याची शाळेतली मैत्रीण वारली. पन्नास वर्षांची मैत्री. मैत्रिणीच्या मुलाने आत्याला सकाळीच फोन केला होता, दुपारीही केला. फोन ड्रॉवरमध्ये वाजत राहिला. त्या दिवशी ऑफिसच्या बाई रजेवर, ड्रॉवरची किल्ली त्यांच्याकडे. आत्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. ती मला म्हणाली, "व्हिडिओवर तरी शेवटचं बघितलं असतं गं तिला."

मग केस. आत्याचा अंबाडा होता. विरळ झालेला, पण होता. एका रविवारी गेले तर बॉयकट. 'विंचरायला वेळ जातो, उवा होतात, सगळ्यांचेच कापतो आम्ही.' तिला विचारलं होतं का? विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं का? तेही नाही. पण मी पालक, म्हणून निदान मला कारण तरी सांगितलं.

आणि मग डायपर. इथे मी अडते, पण लिहायला हवं. आत्या वॉकर घेऊन स्वतः संडासला जाऊ शकत होती. रात्री अठरा जणांमागे एक मावशी असायची. एक मावशी अठरा जणांना उठवून नेऊ शकत नाही, म्हणून संध्याकाळी सातला सगळ्यांना डायपर, सकाळी सहाला काढायचा. ज्यांना गरज त्यांनाही, ज्यांना नाही त्यांनाही. आत्या एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला जाता येतं गं. पण रात्री उठायचं नाही म्हणतात." आणि मी काय म्हणाले? "असू दे ना आत्या. रात्री पडलीस म्हणजे?"

सहा-सात महिन्यांत तिची उठायची सवय मोडली. मग दिवसाही जमेना. मग संस्थेच्या वहीत तिच्या नावापुढे 'बेडरिडन' लागलं आणि महिन्याचे पैसे वाढले.

कुणी तिला मारलं नाही. फक्त तिचा फोन, तिचे केस आणि तिचे पाय एकेक करून सोयीपोटी काढून घेतले. मी दर रविवारी जात होते, केळी आणि मारी बिस्किटं नेत होते, आणि 'खूप चांगली सोय आहे' असं नातेवाइकांना सांगत होते.

आपण चुकीचं भांडण भांडतोय

मराठीत वृद्धाश्रमावर जेवढं लिहिलं-बोललं जातं, त्यातलं बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं : मुलांनी आईबापांना तिथे टाकलंच कसं? व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आली असेल. परदेशातला मुलगा, वाट बघणारी आई, शेवटी चिठ्ठी. खाली हात जोडलेले इमोजी. सिनेमे, नाटकं, शाळेतल्या वक्तृत्वस्पर्धा, सगळीकडे हाच खटला. आरोपी मुलगा किंवा सून, फिर्यादी समाज.

या खटल्यात वृद्ध माणूस फक्त पुरावा असतो. त्याला बोलायला लावायचं ते रडण्यापुरतं. आत गेल्यानंतर तो सकाळी किती वाजता उठतो, कुणाच्या मर्जीने उठतो, दार आतून लावू शकतो का, जेवण नको म्हणू शकतो का, हे कुणी विचारत नाही. कारण एकदा 'तिथे असणं हेच दुःख' असं ठरवून टाकलं की तिथे कसं असावं हा प्रश्नच उरत नाही. आणि वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. मुलांनी टाकलेल्यांना आम्ही सांभाळतो म्हटलं की पुढचा कुठलाही प्रश्न कृतघ्नपणाचा ठरतो.

शिवाय हा खटला खोट्या चित्रावर उभा आहे. सगळे तिथे 'टाकलेले' नसतात. कुणी अविवाहित, कुणाला मूलबाळ नाही, कुणाची मुलगी स्वतःच सत्तरीची, कुणाला चोवीस तास माणूस लागतं आणि ब्यूरोची बाई दर पंधरा दिवसांनी बदलते. काहीजण आत्यासारखे ठरवून जातात. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींहून जास्त होती, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण त्याहूनही जास्त, जवळपास दहा टक्के. जनगणना तेव्हाची आहे, माणसं तेव्हापासून म्हातारी होतच आहेत. घरं लहान झाली, भावंडं कमी झाली. तुम्ही आज पंचविशीत असाल तर तुमच्या आईवडिलांचा किंवा तुमचाच शेवटचा मुक्काम अशा जागी असण्याची शक्यता तुमच्या आजोबांपेक्षा कितीतरी जास्त आहे. हे चांगलं की वाईट यावर आपण घरी बसून भांडू शकतो. पण आत गेल्यावर माणूस नागरिक राहतो की सामान होतो, हे भांडण त्याआधीचं आहे.

कायद्यात काय आहे

मी वकील नाही. आत्या गेल्यावर चीड आली म्हणून वाचायला बसले, आणि जे सापडलं त्याने चीड वाढली.

आपल्याकडे २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे. त्यात मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो, महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार. सांभाळायच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि नंतर मुलांनी सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं, हे कलम २३. ज्येष्ठाला सोडून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, हे कलम २४. थोडक्यात, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या गोष्टीचंच कायद्याच्या भाषेतलं रूप. मुलांना धरा.

वृद्धाश्रमांबद्दल कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी, राज्य सरकार वृद्धाश्रम उभारू 'शकेल'. शकेल! 'उभारेल' नाही. त्यांच्या व्यवस्थापनासाठी दर्जाचे निकष घालून देणारी योजनाही सरकार करू 'शकेल'. डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८मध्ये सांगितलं की सन्मानाने जगणं, निवारा आणि आरोग्य हे ज्येष्ठांचे हक्क घटनेच्या कलम २१मधूनच येतात, आणि राज्यांकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला केंद्राला सांगितलं. म्हणजे कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावरही कुठे काय आहे याची मोजदाद करा, हे न्यायालयाला सांगावं लागलं.

हे झालं निराधारांच्या वृद्धाश्रमांबद्दल. आत्यासारख्या पैसे भरून राहणाऱ्यांचं काय? अशी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदते किंवा कंपनी म्हणून. तिथे हिशेब जातात, ऑडिट जातं. रात्री अठरा जणांमागे किती मावश्या आहेत, हे त्या ऑडिटमध्ये येत नाही.

डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं गेलं. ज्येष्ठांच्या सगळ्या निवासी संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा, असं त्यात होतं. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते आपोआप रद्द झालं. मधे कोविड येऊन गेला. म्हाताऱ्या माणसांच्या जिवाबद्दल देशात रोज बोललं जात होतं, त्याच काळात हे विधेयक पडून होतं.

आता गंमत बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. मनोरुग्णालयात किंवा तशा संस्थेत राहणाऱ्या माणसाचे हक्क त्यात एकेक करून लिहिलेत. कलम २० म्हणतं : खासगीपणा मिळाला पाहिजे. सक्तीने केस कापायचे नाहीत. हवे असतील तर स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, गणवेशाची सक्ती नाही. काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. कलम २६ म्हणतं : भेटायला येणाऱ्यांना भेटायचं की नाही हे तो माणूस ठरवेल, आणि वाजवी वेळात त्याला फोन करता आणि घेता आला पाहिजे. बांधून ठेवण्यावर कलम ९७ आहे. कधी, किती वेळ, कुणाच्या परवानगीने, आणि त्याची नोंद कुठे करायची, सगळं.

हे कायदे आकाशातून पडले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडी इथे एका आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं पळताच न आल्याने जळून मेली. तिथेही 'सेवा'च चालू होती. बांधलं होतं तेही त्यांच्या 'सुरक्षिततेसाठी'च. त्यानंतर हा देश सोळा वर्षांनी का होईना, पण काही शिकला.

लहान मुलांच्या संस्थांना २०१५च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. अपंगांच्या संस्थांना २०१६च्या कायद्याखाली नोंदणी लागते. महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या, म्हणजे छोट्या-मोठ्या खासगी दवाखान्यांच्या, नियमांत २०२१पासून रुग्णहक्कांची सनद आहे. मानसिक आजाराच्या संस्थेत राहणाऱ्याच्या केसांना आणि फोनला कायद्याचं संरक्षण आहे. मग माझ्या आत्याचा गुन्हा काय? ती फक्त म्हातारी होती. लहान नव्हती, कायद्याच्या भाषेत रुग्ण नव्हती. मधल्या फटीत पडली.

घर विकत घेणाऱ्या ज्येष्ठांची मात्र काळजी आहे. रिटायरमेंट होमसाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, महारेराने २०२४मध्ये काढल्या. रॅम्प हवा, लिफ्ट मोठी हवी, दार रुंद हवं. चांगलंच आहे. पण भिंतींचे निकष ठरतात आणि त्या भिंतींच्या आतल्या माणसाचे ठरत नाहीत, हे मला पचत नाही.

"पण घरी तरी कुठे हक्क असतात?"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त ऐकवला गेला. घरीसुद्धा म्हाताऱ्यांना कोण विचारतं? खरं आहे. पण घरात अन्याय होतो म्हणून संस्थेत चालेल, हे कुठलं तर्कशास्त्र? घरात मुलांना मार बसतो म्हणून शाळेत छडी परत आणायची का? शिवाय संस्था पैसे घेते, पावती देते, जाहिरात करते. जाहिरातीत 'घरासारखं प्रेम' लिहिते. घरात रात्री फ्रिज उघडून दूध पिता येतं. तेवढं तरी द्या.

दुसरा मुद्दा : 'आम्ही सेवा करतो, नियम आणले तर छोट्या संस्था बंद पडतील.' यात तथ्य आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. चांगल्या भावनेने, देणग्यांवर, जेमतेम चालणाऱ्या संस्था महाराष्ट्रात खूप आहेत. पुण्यातल्या 'निवारा'सारखी जागा तर दीडशेहून जास्त वर्षांपासून उभी आहे. अशांना एकदम पंचतारांकित निकष लावले तर त्या बंद पडतील आणि माणसं रस्त्यावर येतील. पण मी सांगतेय त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. फोन परत द्यायला किती खर्च येतो? केस कापण्याआधी विचारायला? 'ए आजी' न म्हणता नावाने हाक मारायला? माझ्या आत्याला अख्खं मिरज 'बाई' म्हणायचं. इथे ती 'तेरा नंबरची आजी' झाली. नाव वापरायला निधी मंजूर व्हावा लागत नाही.

पैसे लागतात ते रात्रीच्या मावश्यांना. हे मान्य. आणि त्या मावशीबद्दलही बोलू, कारण मी तिच्यावर चिडून हा लेख लिहिलेला नाही. बारा तासांची रात्रपाळी, ब्यूरोचं कमिशन कापून हातात येणारे पैसे, साप्ताहिक सुट्टीचा पत्ता नाही. अठरा माणसांत एकटी. तिने डायपर लावला नाही तर तिने काय करावं? रहिवाशाचा हक्क आणि मावशीचा हक्क एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. दोघींचंही एकाच ठिकाणी अडतं. म्हणून 'रात्री इतक्या माणसांमागे एक' हा आकडा ठरवून देणारा नियम दोघींनाही वाचवतो. आणि ज्या संस्थेला तो परवडत नाही, तिला सरकारने अनुदान द्यावं. १९९५मध्ये युती सरकार आल्यावर 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना निघाली होती. इमारतींना पैसा मिळू शकतो, तर रात्रीच्या मावशीला का नाही?

तिसरा मुद्दा : 'त्यांना कळत नाही, म्हणून आम्ही ठरवतो.' डिमेन्शिया असलेल्यांबाबत हा प्रश्न खरंच अवघड आहे. दार उघडं ठेवलं आणि कुणी हायवेवर गेलं तर? कुलूप लागेल, कधीकधी लावावं लागेल. पण कुणासाठी, किती वेळ, कुणी ठरवलं, याची नोंद हवी आणि ती बाहेरच्या कुणीतरी तपासायला हवी. आणि एकाला कळत नाही म्हणून अठरा जणांना कुलूप, हे तर नाहीच चालणार. ज्याला कळतं त्याला त्याच्या इच्छेविरुद्ध आवारात कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७खाली गुन्हा होऊ शकतो. 'मुलीने सांगितलं बाहेर सोडू नका' हे त्यावर उत्तर नाही. सज्ञान माणसाची पालक त्याची मुलगी नसते. भाची तर नसतेच.

मग काय हवं

अमेरिकेत १९८७मध्ये नर्सिंग होमबद्दल कायदा झाला. रहिवाशांना बांधून न ठेवण्याचा, खासगीपणाचा, तक्रार केल्यावर सूड न उगवला जाण्याचा आणि आपली समिती बनवण्याचा हक्क त्यात लिहिलाय. म्हणून तिकडे सगळं आलबेल आहे असं नाही; कोविडमध्ये तिथल्या नर्सिंग होममध्ये काय झालं ते जगाने पाहिलं. पण भांडायला हातात कागद तरी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने एप्रिल २०२५मध्ये ज्येष्ठांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार तयार करण्यासाठी गट नेमायचं ठरवलं. तो होईल तेव्हा होईल.

महाराष्ट्रात मला हवंय ते एवढंच :

करार रहिवाशाशी व्हावा. सही त्याची. त्याला शक्यच नसेल तर का शक्य नाही हे लिहून मग दुसऱ्याची.

फोन त्याच्याजवळ राहावा. भेटायची वेळ रोज असावी.

केस, कपडे, आंघोळीची वेळ, डायपर, झोपेची गोळी : विचारल्याशिवाय काही नाही. बांधलं तर नोंद. झोपेची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि कशासाठी ते माणसाला सांगून.

पैसे, पासबुक, आधार कार्ड त्याच्या ताब्यात. सोडून जायचं असेल तर डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात.

मतदार यादीत त्याचं नाव तो राहतो त्या पत्त्यावर. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्यांना घरून मतदान करता आलं. आत्या तेव्हा असती तरी तिचं नाव मिरजेच्या यादीत होतं आणि ती पुण्याबाहेर. ज्यांच्या मताची कुणाला गरज नाही, त्यांच्या डायपरबद्दल विधिमंडळात कोण बोलणार?

आणि तक्रार करायला संस्थेबाहेरचं माणूस. हे सगळ्यात महत्त्वाचं. मी चार वर्षं तोंड का उघडलं नाही? भीतीने. मी बोलून निघून जाणार, आणि मागे आत्या राहणार, त्याच मावशीच्या, त्याच ऑफिसच्या हातात. 'पटत नसेल तर घेऊन जा' एवढं एक वाक्य पुरतं. ते मला एकदा ऐकवलं गेलं, अगदी गोड आवाजात. त्यानंतर मी गप्प झाले. प्रत्येक नातेवाईक असाच गप्प असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथे सगळे समाधानी आहेत.

तुम्ही, जे वाढदिवसाला जाता

तुम्ही वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा केला असेल किंवा ऑफिसच्या ग्रुपबरोबर दिवाळीचा फराळ वाटला असेल. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, मला माहीत आहे. पण आत्याच्या बाजूने एकदा बघा. रविवारी दुपारी झोप मोडून सगळ्यांना हॉलमध्ये आणून बसवायचे. अनोळखी मुलं गाणी म्हणायची, केक भरवायची (आत्याला डायबिटीस होता), आणि फोटो काढायची. तिच्या बॉयकटचा, सुजलेल्या पायांचा फोटो कुणाच्या तरी इन्स्टाग्रामवर आजही असेल. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिचा स्वतःचा फोन तेव्हा ड्रॉवरमध्ये होता.

पुढच्या वेळी जाल तेव्हा केक न्या हवं तर. पण जाण्याआधी संस्थेला चार प्रश्न विचारा. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी असतात? रहिवाशांचे फोन कुणाकडे असतात? करारावर सही कुणाची घेता? रहिवाशांची तक्रार कुठे जाते? तुम्ही देणगीदार आहात, तुम्हाला 'पटत नसेल तर घेऊन जा' असं कुणी म्हणणार नाही. माझ्याकडे नसलेली ताकद तुमच्याकडे आहे. आत काही खटकलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. कायद्याचे हात तोकडे आहेत, पण नोंद तरी होईल. आणि तुमच्या आमदाराला विचारा की खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि रहिवाशांचे हक्क यावर राज्य स्वतः कायदा का करत नाही. दिल्लीतलं विधेयक पुन्हा येईपर्यंत वाट बघायला वृद्धाश्रमातल्या माणसांकडे वेळ नसतो.

आत्या २०२२च्या थंडीत गेली. सामान घ्यायला गेले तेव्हा एक पावती भरायची होती : दोन साड्या, चार गाऊन, चष्मा, वॉकर, एक मोबाईल. खाली पुन्हा तीच रेघ होती. मी 'पालक' खोडलं, 'भाची' लिहिलं आणि सही केली. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "चालतं हो काहीही."

चालतं, हे मला माहीत होतं. चार वर्षं मीच चालवून घेतलं होतं.